आग्नेलचा रहाट

येशू, मरिया, जोसेफ
गास, ता. वसई
५ नोव्हेंबर १९७८

प्रिय मैमूना,
स. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तर नाही म्हणून तू तिकडे मुरूडला गाल फुगवून बसली असशील हे मला इथून दिसतंय. सोपाऱ्याच्या शाळेत मी तुझी पाटी फोडली होती तेव्हा बसली होतीस, तशीच. पण भाताची कापणी, मग झोडणी, आणि त्यात जुलीचं जुळवायचं काम. श्वास घ्यायला सवड नव्हती गं.

हो, जुळवायचं. आमच्या जुलियानाला नंदाखालचं स्थळ आलंय. मुलगा पीटर. गोखिवऱ्याला नवे कारखाने निघालेत, त्यातल्या एकात फिटर आहे. सालस आहे, हसतो फार. त्याची आई कार्मिनबाई मात्र अजिबात हसत नाही, घरातलं सगळं हसू तिने मुलालाच देऊन टाकलं असावं. फेब्रुवारीत, उपवासकाळ लागायच्या आत लग्न उरकू म्हणतात. मला पसंत आहे. जुलीला तर विचारायलाच नको, हल्ली भाजी चिरताना गाते.

परवा मृतांचा दिवस झाला. सगळा गाव मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेला, मी गेले नाही. जुली एकटीच जाऊन बापाच्या क्रुसापाशी फुलं ठेवून आली. फादरांनी निरोप धाडला की तब्येत बरी नाही का. त्यांना मी काय सांगणार? जो घरी येतो त्याला भेटायला थडग्यावर कशाला जायचं?

मैमू, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आग्नेल येतो.

घाबरू नकोस, माझं डोकं ठिकाणावर आहे. दुधाचा हिशोब अजून मीच करते आणि गवळी अजून माझ्याशीच भांडून हरतो. पण दिवाळी सरली, वाडीला पाण्याची गरज लागली, की पहाटे अंधारात आमचा पायरहाट वाजायला लागतो. तुला आठवतो ना? वर फळीवर बसून पायांनी ढकलायचा तो. सगळ्यांनी इंजिनं बसवली तरी आग्नेलने तो सोडला नव्हता, आणि त्याला कधी तेलही घातलं नव्हतं. म्हणायचा, कुरकुरला की सालोमीला कळतं मी कुठे आहे. तोच आवाज, तोच संथ ताल. चर्चची पहाटेची घंटा होते त्या सुमाराला थोडा वेळ थांबतो, कारण आग्नेल घंटेला थांबून प्रार्थना म्हणायचा. मग पुन्हा चालू. उजाडून मी दार उघडते तेव्हा केळींचे पाट भरलेले असतात आणि फळीवर कुणी नसतं.

तो गेला त्याच वर्षीच्या दिवाळीपासून हे चालू आहे. पावसाळ्यात येत नाही. मेलेला माणूससुद्धा फुकट पाणी शिंपत नाही म्हणायचं.

मी कधी बाहेर जाऊन पाहिलं नाही. पाहिलं तर येणार नाही असं मनाने घेतलंय. बंद खिडकीपाशी उभी राहते आणि त्याच्याशी बोलते. जुलीचं सांगते, गुराढोरांचं सांगते. आणि शेवटी दर वेळी एकच विचारते. तुला ठाऊक आहे तो कसा गेला ते. गाळ काढायला तुझा भाऊ याकूब आमच्या विहिरीत उतरला, खालच्या खराब हवेने पडला. आग्नेल कंबरेला दोर बांधून उतरला. दोर एकच होता. तो त्याने स्वतःच्या कंबरेचा सोडून याकूबला बांधला. याकूब वर आला, पुन्हा दोर सोडला तेव्हा तो धरायला खाली कुणी उभं नव्हतं. मी एवढंच विचारते, दोर सोडताना तुला माझी न् जुलीची आठवण झाली होती का? की झालीच नव्हती?

तो उत्तर देत नाही. रहाट तेवढा थांबतो जरा.

याकूबला यातलं काही लिहू नकोस. बिचारा आधीच माझ्यासमोर मान वर करत नाही. रस्त्यात दिसला तर गुरामागे गेल्यासारखं करून आडवाटेला लागतो. तुझ्या घरच्यांना माझा नमस्कार, पोरांना पापे. लोभ ठेव, आणि मला वेडी म्हणायचं असेल तर पत्रात म्हण, मनात म्हणू नकोस.

तुझी
सालोमी


७८६
मुरूड, जि. कुलाबा
१६ नोव्हेंबर १९७८

चि. याकूब यास आपाचे अनेक सलाम व दुवा.

इकडे सर्व खुशाल. बकरी ईद चांगली झाली. तुझ्या दाजींच्या गुडघ्याने मात्र त्याच दिवशी दुखायचं ठरवलं, त्यामुळे वाटे पोचवायला मीच घरोघर फिरले. रुकय्याला सांग, तिच्या हातचा मसाला संपला, आता जेवणात राम नाही असं इथली मोलकरीण म्हणते. मी तिला म्हटलं, आमच्या घरात तू म्हणतेस तेवढा पुरे.

एक काम आहे. सालोमीची वाडी तुझ्या बांधाला लागून. तिच्या रहाटावर पहाटे कुणी असतं का, हे बघून मला कळव. कारण विचारू नकोस. पोरं चेष्टा करत असतील तर त्यांचे कान उपट. चोर असेल तर जपून, पण पाणी शिंपून जाणारा चोर मी तरी ऐकला नाही. सालोमीला काही विचारू नकोस, ते मी तिला दिलेल्या वचनात बसत नाही.

दुसरं, दर पत्रात लिहिते आणि दर पत्रात तू गिळतोस. अम्मी जाताना म्हणाली होती, याकूबने आपला जीव वाचल्याबद्दल अल्लाहचा शुकराना केला नाही, तेवढं त्याच्याकडून करून घे. दोन रकात नमाज आणि कपाळ टेकून एक सजदा, याला किती वर्षं लागतात रे? इस्पितळातून घरी आलास तेव्हा तिने बकरा आणवला होता, तू तो सोडून दिलास. तेव्हा मी समजू शकले, बांधापलीकडच्या घरात रडणं चालू होतं. पण आता?

रुकय्याला आणि मुलांना दुवा. उत्तर लांबवू नकोस. आपाचा जीव लवकर वरखाली होतो हे तुला ठाऊक आहे.

तुझी आपा
मैमूना


७८६
सोपारा
२८ नोव्हेंबर १९७८

ती. आपास याकूबचे सलाम.

पत्र मिळालं. दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं.

रहाटावर मी असतो.

तुला वाटेल किती सहज लिहिलं. सहज नाही. आग्नेलदादा गेल्यावर त्या दिवाळीला त्यांची केळी सुकायला लागली. वहिनी बाहेर पडत नव्हत्या, जुली लहान, आणि चुलतभावंडं येतो येतो म्हणत होती. बाबा सांगायचे ना, भलं काम झाकून करावं, दाखवलं की त्याचं पुण्य तोंडातच विरघळतं. मी अंधारात बांध ओलांडून गेलो. रहाट मी आग्नेलदादाशेजारीच बसून शिकलो होतो, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा. माझे पाय त्यांच्यासारखेच पडतात, हे मला कधी ध्यानातच आलं नाही. तेल घालायला हात धजला नाही, त्यांनी कधी घातलं नव्हतं म्हणून. मध्ये थांबतो तो फजरच्या नमाजेला. तिथेच बांधाच्या कडेला पढतो.

पहिल्या हिवाळ्यात आतून आवाज नव्हता. मला वाटलं वहिनींना वाटत असेल, कुणी भावकीतला येतो. दुसऱ्या हिवाळ्यात एका पहाटे खिडकीआडून त्या बोलायला लागल्या. आधी वाटलं जुलीशी बोलतायत. मग त्यांनी नाव घेतलं.

आपा, पळून जावं वाटलं. पण पळालो तर दुसऱ्या दिवशी त्या वाट बघतील. म्हणून दुसऱ्या दिवशीही गेलो. आणि मग जातच राहिलो. एका मेलेल्या माणसाची बायको त्याला जे सांगते ते सगळं मी ऐकलंय. मी ऐकायला नको होतं असं बरंच. घरी येऊन रुकय्याकडे बघवत नाही. तिला वाटतं मी मशिदीत जातो.

शेवटी त्या रोज एकच विचारतात. काय ते लिहीत नाही, तुला माहीत असेल नाही तर कळेल. त्याचं उत्तर जगात एकाच माणसाकडे आहे आणि तो तिथेच फळीवर बसलेला असतो. मी तेव्हा पुरता बेशुद्ध नव्हतो. दोर बांधताना आग्नेलदादा मला काहीतरी बोलले. वहिनींना सांगायला सांगितलं. पण ते इतकं साधं होतं, इतकं क्षुल्लक, की इस्पितळातून परत येऊन विधवेच्या दारात उभं राहून ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. मरणारा माणूस असं बोलत नाही. वहिनींना वाटलं असतं मी थट्टा करतोय, नाही तर रचून सांगतोय. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता मी त्यांचा नवराच होऊन बसलो. आता उत्तर दिलं तर आवाज माझा निघेल.

शुकरान्याचं म्हणतेस. जेवल्यावर अल्हम्दुलिल्लाह म्हणतो, शिंक आली तरी म्हणतो. पण माझ्या जिवासाठी म्हणायला गेलो की कंबरेला दोर जाणवतो, आणि तो दुसऱ्याच्या अंगाने गरम झालेला असतो. म्हटलं तर तो कुणाच्या मरणाचा शुक्र होईल, आपा? कुराणात म्हटलंय, तुम्ही शुक्र कराल तर मी आणखी देईन. त्या 'आणखी'ची मला भीती वाटते. मला एका माणसाचं आयुष्य देऊन झालंय. आणखी काय घ्यायचं?

मी थांबू का? थांबलो तर त्यांचा माणूस दुसऱ्यांदा जाईल. चालू ठेवलं तर मी कोण? तू सांगशील ते करीन.

तुझा
याकूब


येशू, मरिया, जोसेफ
गास
२१ डिसेंबर १९७८

प्रिय मैमू,
नाताळच्या आधीचा नमस्कार, आणि तू आगाऊ पाठवलेल्या खजुरांबद्दल जुलीचा वेगळा.

तू एवढं छोटं पत्र कधी लिहीत नाहीस. तीन ओळी तब्येतीच्या, दोन हवेच्या, आणि मी लिहिलं त्याबद्दल चकार शब्द नाही. वेडी म्हणवत नसेल तर निदान भांड तरी.

इथे सगळं विस्कटलं. रहाटाची गोष्ट नंदाखालला पोचली. गावात कुजबुज जुनीच होती, पहाटे आमच्या वाडीकडे कुणी फिरकत नाही. पण आता कार्मिनबाईंच्या कानावर गेलंय की मुलीची आई भुताशी बोलते. त्या परवा स्वतः आल्या, अंगणातच उभ्या राहिल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. फादरांकडून घर आणि विहीर मंतरून घ्या, रहाट मोडून टाका, इंजिन बसवा, मग आपण तारखेचं बोलू, असं त्यांचं म्हणणं. विहिरीवर तर फादरांनी आग्नेल गेला तेव्हाच पवित्र पाणी शिंपडलं होतं, पण तेवढ्याने त्यांचं समाधान नाही. वाईट बोलल्या नाहीत. आपल्या मुलाला जपणारी बाई आहे, तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

पण मैमू, मी नाही म्हटलं. लग्न मोडलं तरी चालेल, रहाट मोडणार नाही, असं माझ्या तोंडून निघून गेलं. जुलीसमोर. रात्री जेवताना ती म्हणाली की लहानपणापासून पहाटे ती गोधडी डोक्यावरून घेऊन कान दाबून पडते, आणि मला ते कधी दिसलं नाही. खरंच दिसलं नव्हतं. मी खिडकीपाशी असायचे, तिच्याकडे पाठ करून.

आता तीन दिवस आम्ही एका घरात दोन पाहुण्यांसारख्या वागतोय. मी पहाटे त्याला म्हटलं, आग्नेल, तुझ्या मुलीचं लग्न मोडतंय, एकदा तरी बोल, नुसतं हो म्हण, नाही म्हण, मग मी स्वतः कुऱ्हाड लावते रहाटाला. तो किती वेळ थांबला सांगू, मला वाटलं आता बोलतो. मग पुन्हा कुरकूर सुरू झाली. मला पहिल्यांदाच त्याचा राग आला. जिवंतपणी सोडून गेला तो गेला, मेल्यावरही तोंड उघडत नाही.

त्याच्या आत्म्यासाठी मी चर्चमध्ये प्रार्थनेची मिस्सा घालत नाही हे मी तुला सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकही नाही. आणि मी त्याच्यासाठी रडलेही नाही, धड असं. येणाऱ्या माणसासाठी कोण रडतं?

तू मोठी शहाणी आहेस, काहीतरी सुचव. आणि या वेळी पाच ओळींत भागवलंस तर मी मुरूडला येऊन तुझी उरलेली पाटी फोडीन. मायेत अंतर देऊ नकोस.

तुझी
सालोमी


७८६
मुरूड
३० डिसेंबर १९७८

चि. याकूब यास अनेक दुवा.

तुझं पत्र येऊन महिना झाला. महिनाभर तुम्हा दोघांची पत्रं एकाच डब्यात ठेवली होती आणि डबा उघडायला भीत होते. तिकडे सालोमी मला तुझ्याबद्दल सांगते आणि तिला माहीत नसतं की ती तुझ्याबद्दल सांगतेय. इकडे तू. मध्ये मी बसलेय, आणि रोज तांदूळ निवडताना खडे तसेच राहतात. तुझ्या दाजींनी परवा दात दुखावला.

आता ऐक. जुलीचं लग्न मोडायला आलंय. पीटरच्या आईला भूत असलेलं घर नको. सालोमी म्हणते लग्न जाऊ दे, रहाट राहू दे. हे मी तिचं वचन मोडून तुला लिहितेय, त्याचा जाब मी देईन. तू आपल्या आभारासाठी त्या घरात जे नेऊन बसवलंस ते आता तिच्या मुलीला खायला उठलंय. तू वाईट केलंस असं म्हणत नाही. पण अर्धं केलंस.

बाबा संध्याकाळी पोरांना शिकवायचे तेव्हा तू खिडकीबाहेर चिमण्या बघायचास, म्हणून पुन्हा सांगते. कुणी आंब्यांची करंडी आणून दिली तर शुक्र तीन ठिकाणी होतो. आंबे कुणी आणले हे मनाने ओळखायचं. आणणाऱ्याला जिभेने सांगायचं. आणि आंबे नासू न देता हातांनी वाटून खायचे. तू मनाने ओळखलंस, कुणी नाकारणार नाही. हातापायांनी तर इतकं केलंस की गावाला भूत वाटलं. जीभ मात्र दाताखाली धरून बसलास. आणि पैगंबरसाहेबांचं सांगणं बाबा किती वेळा म्हणायचे, ज्याने माणसांचे आभार मानले नाहीत त्याने अल्लाहचेही मानले नाहीत. झाकून करायचं असतं ते दान, याकूब. आभार झाकून मानता येत नाहीत. ज्याचे मानायचे त्याला कळले नाहीत तर ते कुणाचे झाले?

कुणाच्या मरणाचा शुक्र, असं विचारलंस. त्याने माझीही झोप उडवली. आग्नेल मेला याचा शुक्र तुझ्याकडून कुणी मागितलेला नाही, वरच्यानेही नाही. आग्नेल तुझ्या बांधाला राहत होता, तू ज्या दिवशी विहिरीत पडलास त्या दिवशी तो तिथे होता आणि तो असा होता, याचा शुक्र कर. एवढं मला सुचलं. याहून मोठं काही असेल तर ते मौलवींना विचार.

आणि तो निरोप. तो तुझा नव्हेच, तुझ्याकडे ठेवायला दिला होता. दुसऱ्याची ठेव आहे ती. क्षुल्लक आहे की मोठी हे ठरवायचा अधिकार तुला कुणी दिला? बायको ठरवेल.

मी तिला काही कळवणार नाही. ते तुझ्या तोंडचं आहे. उजेडी जा, बांधावरून नको, फाटकातून जा, हाक मारून. ती हाकलेल. कदाचित तोंड बघणार नाही पुन्हा. माझंही बघणार नाही, कारण मला माहीत होतं. आमची चाळीस वर्षांची मैत्री आहे, तीही मी तुझ्याबरोबर त्या फाटकातून आत पाठवतेय. तेव्हा सरळ चाल.

तुझी आपा
मैमूना


७८६
सोपारा
१५ जानेवारी १९७९

ती. आपास सलाम.

काल सकाळी गेलो. सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि दार लावलं.

आज पहाटे गेलो नाही. घरात पडून होतो. रुकय्याने विचारलं, मशिदीत नाही गेलात. तिलाही सांगितलं.

याकूब


येशू, मरिया, जोसेफ
गास
२६ फेब्रुवारी १९७९

मैमूना,

नमस्कार लिहावा की नाही यावर बराच वेळ घालवला. लिहिते. स. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं आली, तिन्ही उघडली नव्हती. आज जुलीच्या लग्नाची भांडी आवरताना फळीवर सापडली, तेव्हा वाचली. तिन्हीत तू माफी मागितलीयस आणि तिन्हीत तुझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं लिहिलंयस. बरा झाला का तो?

तुझा भाऊ आला तेव्हा मी ओट्यावर वाल सोलत होते. फाटकातून हाक मारून आला, याचंच मला नवल वाटलं. बस म्हटलं तरी बसला नाही. उभ्याने सगळं सांगितलं, खाली बघून नाही, माझ्याकडे बघून. आधी रहाटाचं. मला कळेचना तो काय म्हणतोय. मग कळलं तेव्हा मला वाटलं की कुणीतरी माझ्या अंगावरचं पांघरूण भर रस्त्यात ओढलं. मी आग्नेलला जे काय बोलले असेन ते सगळं आठवलं. नवऱ्याला बोलतात ते बोलले होते गं मी.

मग त्याने निरोप सांगितला. विहिरीत, दोर बांधता बांधता, आग्नेल त्याला म्हणाला होता, “सालूला हांग, पेज वाढून ठेव. मी आलोच.”

आमच्या घरच्या बोलीत, अगदी त्याच्या तोंडचं. बाहेरचं कुणी मला सालू म्हणत नाही. रचून सांगणाऱ्याला ते सुचलं नसतं.

मी दार लावलं. राग याकूबचा होता, तुझा होता, सगळ्यांचा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून खिडकीपाशी गेले आणि रहाट वाजला नाही. दिवाळी ते पाऊस यांच्यामध्ये इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मैमू, काय शांतता होती ती. त्या शांततेत मला एकदम कळलं की त्याला भूक लागली होती. सकाळपासून गाळ उपसत होते सगळे, तो जेवला नव्हता. भूक लागलेला माणूस मरायला जात नसतो. दोर सोडताना आमची आठवण झाली का, म्हणून मी इतकी वर्षं विचारत होते. तो आम्हाला सोडून गेलाच नव्हता. जेवायला घरी येणार होता.

मग मी रडले. जुली घाबरून उठली, आणि मग तीही रडली. आम्ही दोघी गोधडीत एकमेकींना धरून उजाडेपर्यंत पडून होतो. नंतर मी दफनभूमीत गेले. त्याच्या क्रुसावर शेवाळ किती चढलंय ते मी पहिल्यांदा पाहिलं. फादरांकडे मिस्सा सांगितली.

कार्मिनबाईंकडे मी स्वतः गेले आणि खरं होतं ते सांगितलं, की भूत नव्हतं, शेजारी होता. मग म्हणाल्या की रहाट मोडायची गरज नाही. जाताना त्यांनी मला चहा घ्यायला लावला. अठरा तारखेला लग्न झालं. पीटर आदल्या रात्री आपल्या हळदीला इतका हसला की फोटोत सगळीकडे नुसते दात आहेत. जुली छान दिसली. याकूब आणि रुकय्या आले होते, मागच्या बाकावर बसले. जेवताना मी त्याच्या पानाकडे गेले नाही. मला जमलं नाही.

पण परवा केळी सुकायला लागलेली दिसली. मग मी त्याच्या घरी गेले आणि दारातून सांगितलं, यायचं असेल तर ऊन पडल्यावर ये, हाक मारून ये. आला. फळीवर बसला, मी बांधावर उभी राहून बघितलं. आवाज तोच होता, तरी तो आग्नेलचा वाटेना. माणूस समोर दिसला की कान फसत नाहीत. पाट भरले तेव्हा तो खाली उतरला, माझ्यासमोर आला आणि म्हणाला की आग्नेलदादामुळे मी जिवंत आहे, वहिनी, आणि मी तुमचे आभार मानायला आलोय. एवढंच. मग तिथेच ओल्या मातीत कपाळ टेकलं. नमाज नव्हती ती, तुमच्यात काय म्हणतात त्याला ते तुला माहीत. खूप वेळ उठला नाही. खांदे हलत होते. मी गेले नाही तिथून. कपाळाची माती पुसायला पदर हातात घेतला, तो मी पुढे केला नाही, आणि सोडलाही नाही.

तू विचारशील, बरं झालं ना. बरं झालं. पण जुली नांदायला गेली, आग्नेलही गेला, आणि पहाटे मला आता जाग येते ती कशानेच येत नाही. खिडकी उघडी ठेवून पडते. विहीर दिसते, रहाट दिसतो, फळी रिकामी दिसते. रोज बघते. ती रिकामीच असते हे अजून अंगवळणी पडायचंय.

याकूबचे आभार मला अजून मानवत नाहीत. त्याने माझी वाडी जगवली हे खरं, पण तोंड उघडलं की ते बाहेर येत नाही. तुझेही मानवत नाहीत. त्या पत्रांत तू लिहिलंयस की जिभेने म्हटल्याशिवाय ते पुरे होत नाहीत, तर मग कागदावर म्हणणार नाही. ईस्टरला ये. माझ्यासमोर बस. तोवर जीभ तयार करून ठेवते.

सालोमी